एकवीस अंश, छान कोमट

पश्चिम काठ, १७ सप्टेंबर

चि. बुर्गीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक आहोत. यंदा आलुबुखारं इतकी लागली की जॅम करून करून माझे हात जांभळे झाले. मांजरीला पिल्लं झाली. शेजारच्या हेडविगने गुडघा बदलून घेतलाय आणि तो नवा गुडघा ती गावभर दाखवत हिंडते आहे. आई गेल्यापासून आपण नाताळच्या कार्डापलीकडे एकमेकींना काही लिहिलेलं नाही, तेव्हा हे पत्र पाहून तुझ्या भुवया वर गेल्या असतील. जाऊ देत.

एक साधा प्रश्न आहे. तळ्याचं पाणी तुमच्या काठाला सध्या किती अंश आहे?

तू म्हणशील, ताईला म्हातारपणी पोहायची हौस आली. हौस कसली, मला फक्त हिशेब जुळवायचा आहे. एंगेलबर्ट रोज सकाळी कॉफी झाली की पोहायला जातो, हे तुला माहीतच आहे. बर्फ वितळलं की सुरू, पुन्हा बर्फ पडलं की बंद. ओला टॉवेल खांद्यावर टाकून परत येतो. मी विचारते, "कसं होतं पाणी?" तो म्हणतो, "एकवीस. छान कोमट."

मागच्या आठवड्यात पश्चिमेचा वारा सुटला होता. तू याच काठावर वाढलीस, तुला काय सांगायचं! तो वारा वरचं उबदार पाणी ढकलत तुमच्याकडे नेतो आणि आमच्या वाट्याला तळातलं गार पाणी येतं. हेडविगने जुना गुडघा बुडवला आणि अशी किंचाळली की बदकं उडाली. मी स्वतः दुधाचा थर्मामीटर घेऊन गेले. जेमतेम बारा! घरी आले तर एंगेलबर्ट टॉवेल वाळत घालत होता. म्हणाला, "एकवीस. छान कोमट."

त्या दिवशी एकवीस अंश पाणी एकाच काठाला असू शकत होतं, बुर्गी. तुझ्या.

मी काही काल जन्मलेली नाही. कुठेतरी पाणी मुरतंय. पूर्वी हा पाण्याचं केवढं वर्णन करायचा. आज खांबापाशी गार पट्टा लागला, आज मासे पायाला लागत होते, आज ओढ्याच्या तोंडाशी बर्फाचा वास होता. आता विचारलं की तेच एक वाक्य, पाठ केल्यासारखं. ब्रेड आणायला म्हणून गेला की दुपारी येतो, आणि ब्रेड नसतोच. कुठे होतास म्हटलं की चिडतो. चाळीस वर्षं बोट चालवताना कधी चिडला नाही तो माणूस! आणि परवा जेवताना म्हणाला, "बुर्गी, मीठ दे."

मी म्हटलं, "कोण बुर्गी?"

तर नुसता हसला.

लग्नाआधी एका उन्हाळ्यात तो तुला होडीतून फिरवायचा. त्यावर मी आजवर एक शब्द बोलले नाही. आजही बोलत नाही. फक्त पाणी किती आहे ते कळव.

तुझी,
झेंझीताई


पूर्व काठ, २० सप्टेंबर

ताई,

आशीर्वाद मिळाले, त्यातला विंचूही मिळाला. पाणी अठरा आहे.

अगं, मी एकाहत्तर वर्षांची. मोजे घालायचे तर आधी खुर्ची शोधावी लागते. तुझा नवरा पळवून आणून मी त्याला ठेवू कुठे? आणि त्यांचं घोरणं आईकडे भिंतीपलीकडून ऐकलंय मी. तो दागिना तुलाच लखलाभ.

भावोजी इकडे येत नाहीत. धक्का माझ्या खिडकीसमोरच आहे, बोटीतून उतरणारं प्रत्येक डोकं मला दिसतं. पण एक सांगायचं राहिलं. जुलैत ते मला एकदा बोटीवर भेटले होते. तिकीटवाल्या मुलीला विचारत होते, "ही बोट कुठे जाते?" मी म्हटलं, "भावोजी, थट्टा करताय होय?" तर हसले. ते हसू मला बरं वाटलं नाही. मी त्यांना परतीच्या बोटीत बसवून दिलं. तेव्हाच तुला कळवायला हवं होतं, पण आपलं बोलणं कुठे होतं?

हे पत्र मिळाल्यावर एका सकाळी ते निघाले की गुपचूप मागे जा. माझ्यावरचा राग तोवर राखून ठेव, नासत नाही तो.

बुर्गी


पश्चिम काठ, २३ सप्टेंबर

बुर्गी,

गेले मागे.

काठावरचं पोहण्याचं आवार सप्टेंबर लागताच बंद झालंय. रखवालदार निशाणं काढून गेला, पायऱ्या तेवढ्या गावकऱ्यांना मोकळ्या असतात. एंगेलबर्ट बाकावर बसला होता, कोटाची सगळी बटणं लावून. बराच वेळ नुसता पाण्याकडे बघत होता. मग खालच्या पायरीवर वाकला, टॉवेल पाण्यात बुडवला, पिळला आणि खांद्यावर टाकला. जाताना तो, रखवालदार उन्हाळाभर रोज पाण्याचे अंश लिहितो, त्या फळ्यासमोर थांबला. शेवटच्या दिवशी खडूने लिहिलेलं अजून तसंच आहे तिथे: पाणी, एकवीस अंश. तो ओठ हलवून ते वाचत होता, शाळेतली पोरं कविता घोकतात तसं.

बंद झाल्यावर त्या फळ्याला काही अर्थ नसतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

मी पुढे झाले. वाटलं चिडेल. पण म्हणाला, "झेंझी, आत गेलो ना, की वळून बघितल्यावर दोन्हीकडे डोंगर सारखेच. आपला काठ कुठला ते कळत नाही. कितीतरी दिवस उतरलोच नाही मी."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू रोज विचारायचीस, पाणी कसं होतं म्हणून. काहीतरी सांगायला नको का तुला?"

दाट धुक्यात शिट्टीच्या प्रतिध्वनीवर बोट धक्क्याला लावायचा हा माणूस! मी त्याच्याशेजारी बसले. रडले नाही. घरी येऊन रडले, न्हाणीघरात, नळ सोडून.

खरं सांगते, मला काहीच दिसत नव्हतं असं नाही. वसंतातच किल्ल्या पिठाच्या डब्यात सापडल्या होत्या. त्याने उलटा घातलेला सदरा मी काही न बोलता सुलटा करून दिला होता. ते सगळं मी तुझ्या नावावर ढकललं, कारण तू मला परवडणारी होतीस. तुझ्याशी भांडता आलं असतं. याच्याशी कसं भांडायचं? मला फार भीती वाटते गं. एक दिवस तो माझ्याकडेही त्या डोंगरांकडे बघतो तसा बघेल.

मंगळवारी शहरातल्या डॉक्टरांकडे जायचं आहे. ते काय म्हणतील ते मला कळतंय. म्हणून त्याआधी एक कर. मला लिही, की एंगेलबर्ट तुझ्याकडेच येत होता. रोज येत होता, तुमच्या काठाला पोहत होता, तू त्याला कॉफी पाजत होतीस, आणि दोघं मिळून मला हसत होतात. मी तिकडे येऊन तुझ्या झिंज्या उपटीन, गावभर तुझी अब्रू काढीन, मरेपर्यंत तुझं तोंड बघणार नाही. पण माझा नवरा धडधाकट असेल. लबाड, पण धडधाकट.

खोटंच लिही बुर्गी, पण सोमवारच्या टपालाने मिळेल असं लिही.

अजूनही तुझ्यावरच संशय घ्यायला तयार असलेली,
तुझी ताई