प्रोजेक्टरला 'आयकलं काय'

६ नोव्हें., गुरु.
यवतमाळहून दुपारच्या बसने दिग्रसला परत. व्यायामवाल्या मॅडमनी सौ. सुमनचा उजवा हात वरखाली करून पाहिला. बोटं परत येतील म्हणाल्या, बोलणंही सुधारेल, पण लकव्यानंतरचे हेच महिने कामाचे. रोज सराव पाहिजे. सरावाची फिल्म मोबाईलवर पाठवली. दारव्हा येईपर्यंत सुमन खिडकीकडे तोंड करून.

मोबाईलवर चित्र बारीक. आपल्या लाऊडस्पीकरच्या दुकानातला जुना प्रोजेक्टर हॉलमध्ये छताला टांगला. लग्नांत भाड्याने फिरून फिरून रिटायर झालेला गडी, पण दिवा शाबूत. भिंतीवर मॅडम माणसाएवढ्या. मीच माझ्या पाठीवर थाप मारली.

७ नोव्हें.
थाप परत घेतो. रिमोटची बटणं ज्वारीच्या दाण्याएवढी. सुमन एकावर बोट ठेवते, दबतं दुसरंच. मी लावून दिलं तर तोंड फिरवते. 'लावून द्या' म्हणणं तिच्या जिवावर येतं. धंद्यातला पहिला भोंगा बाईने स्वतःच्या डोक्यावर वाहिला होता, तिला आता बटणासाठी माणूस लागावा! सराव बंद. दिवाणावर पडून छताकडे पाहते.

८ नोव्हें.
सूनबाई स्टुलावर चढून प्रोजेक्टरच्या मागे टॉर्च मारत होती.
"मामाजी, याले मागून सिरियल पोर्ट आहे. कॉम्प्युटरवरून हुकूम देता येते."
"मंग?"
"मंग रिमोट गेला खड्ड्यात. आई की-बोर्डची लांब पट्टी दाबतीन. मुठीनं दाबली तरी चालते."
कॉम्प्युटर शिकलेली पोरगी. मी दोन वर्षं तिच्याकडून फक्त दुकानाची बिलं छापून घेतली. प्रणाली म्हणजे चांगली पोळी, एवढंच डोक्यात. बरं.

१० नोव्हें.
केबल आली. जोडली. मशीन ढिम्म. मी स्टुलावर, कान मशीनला लावून. हुकूम पोचला तर आत रिलेचा खटका वाजतो, बारीक 'टक्'. कोणता भोंगा घरघरतो ते मला तीन गल्ल्यांवरून कळतं, हे तर घरातलंच.
"वाजलं काय?"
"नाही वं."
जेवताना प्रणाली घास हातात धरून थांबली. "मामाजी, आपण याचं तोंड त्याच्या तोंडाले लावलं. तोंड कानाले पाह्यजे." म्हणजे बोलायची तार आणि ऐकायची तार, दोन्हींची अदलाबदल. कथिलाचा डाग मी दिला. तेवढं अजून येतं.

११ नोव्हें.
तरीही ढिम्म. प्र. प्रोग्रॅममधून 'चालू हो' पाठवते, तो मुका. सुमन दिवाणावरून पाहते, पाहत नाही असं दाखवते.
"काहून आयकत नाही हे? बहिरंच आहे!"
मी गमतीत म्हटलं, "तुह्या सासूसारखं म्हण त्याले. शेवटी 'आयकलं काय' लाव."

बाकीच्या बायका नवऱ्याला आधी 'आयकलं काय' म्हणतात, मग काम सांगतात. सुमनचं उलटं. 'दळण आणा, आयकलं काय.' 'गॅस संपला, आयकलं काय.' ते दोन शब्द कानावर पडेपर्यंत मी जागचा हलत नसे. शेजाऱ्यांनाही माहीत. दुखण्यानंतर थोडे शब्द परत आले, हे दोन नाही आले. हसलो, आणि हे आठवून थांबलो.

प्र.चे हात मात्र थांबलेले. माहितीपत्रक चाळलं, कपाळावर हात मारला.
"मामाजी, बरोबर आहे तुमचं! हुकूम संपला हे त्याले कसं कळीन? शेवटी एंटरची खूण पाठवा लागते. मी नुसता शब्दच पाठवून राह्यली. तो बिचारा पुढच्याची वाट पाहून राह्यला."
पाठवली.
टक्.
उजेड पडायच्या आधी मी ऐकलं. प्र. नाचली, चक्क. त्या खुणेला तिने प्रोग्रॅममध्ये नावच दिलंय: आयकलंकाय. अशी सून मागून मिळत नाही.

१३ नोव्हें.
सुमनने मुठीने पट्टी दाबली. भिंतीवर मॅडम! पूर्ण सराव, स्वतः. स्वतःच बंदही केलं. तेवढ्यात नितीन दुकानातून जेवायला आला. पोराला दाखवावं म्हणून लगेच पुन्हा दाबली. काही नाही. जोराने दाबली. काही नाही. बंद केल्यावर पंखा दिवा थंड करतो, तोवर मशीन कोणाचंच ऐकत नाही. आम्हाला माहीत. तिला सांगायचं दोघंही विसरलो.
"बिघ... डलं. माह्यानं," म्हणाली. हात पदराखाली घेतला आणि आत गेली.

१५ नोव्हें.
दोन दिवस हॉलमध्ये पाऊल नाही. मी समजावलं, नितीनने समजावलं, व्यर्थ. प्र. मात्र समजावत बसली नाही. दुपारी तिने माझ्याकडे दुकानातला माईक मागितला.
"मामाजी, बोला: थांब, दम घेऊन राह्यलो."
"कायले?"
"बोला तं."
आता पट्टी दाबली की कॉम्प्युटर आधी मशीनला विचारतो, काय करून राह्यला? मशीन उत्तर देतं. थंड होत असेल तर माझा आवाज येतो. मी विचारलं, माझाच काहून? म्हणे, "आई दुसऱ्या कोणावर चिडतीन काय?"
काय डोकं आहे!

१६ नोव्हें., रवि.
सकाळी प्र.ने मुद्दाम मशीन चालू करून बंद केलं, आणि आतून हाक मारली, "आई, जरा पट्टी दाबता काय? माहे हात कणकीचे आहे." धादांत खोटं, कणीक मळून कधीच झाली होती. सुमन आली. मी बाहेर ओट्यावर.
माझाच आवाज: "थांब, दम घेऊन राह्यलो."
मग हसणं. अर्ध्या तोंडाचं, पण तिचंच. किती दिवसांनी.
मग तिचा आवाज, तुटक, खास रागावलेला: "पुरे... दम. उठा. आय..."
पुढचं पंख्याच्या घरघरीत गेलं. तीन गल्ल्यांवरचे माझे कान, आणि नेमकं हेच हुकावं.
प्र. दाराशी आली. मी खुणेने विचारलं, 'आयकलं काय' पुरं म्हटलं काय? ती हळूच म्हणाली, "कान तुमचे मामाजी, मले काय विचारता?"
आत पुन्हा पट्टी दाबल्याचा आवाज.
मी ओट्यावरच उभा. जागचा हललो नाही.