स्लॅबवरचा पाहुणा

११ एप्रिल
बसलं एकदाचं धूळ मोजायचं यंत्र! आमच्याच स्लॅबवर — खाणीच्या रस्त्याला लागून स्लॅबचं घर आमचं एकटंच. दोन वर्षं अर्ज करून मिळालं काय, तर एक खोकं! अहो, खिडकीवर बोट फिरवा ना, लाल होतंय! पण नाही. लॅबचा विनीत म्हणतो, "बाई, बोटाला कायद्यात किंमत नाही. चोवीस तासांचा आकडा लागतो. शंभरच्या आत आला की धूळ नियमात बसली." म्हणजे श्रुतीचा दमाही नियमात बसवायचा! सहा वर्षांची माझी पोर, दप्तरात पंप घेऊन फिरते.

आकडा वर गेला तर खाणीची वाढ अडेल, डंपर वाडीतून जायचे थांबतील. तेवढ्यासाठी गप्प बसले.

यंत्रात धूळ धरणारा कागद असतो. विनीत रोज सकाळी येऊन तो बदलणार. जाताना बजावून गेला, "कुणी हात लावायचा नाही." आमच्या सासूबाई लगेच, "परक्याची वस्तू बाबा, जिवापलीकडं जपू." वर त्याला कोकम सरबत. पाहुणाच तो!

१४ एप्रिल
जयंती. डंपर बंद. श्रुती एकदाही खोकली नाही.

१७ एप्रिल
शाळेत शिकवून आले तर सासूबाईंची बडबड चालू. स्लॅबवर कोकमाची सोलं वाळत घातलीत, त्यांच्यावर धूळ. "सोलां हायत का जांभ्याचा चुरा?" वय सत्तर, पण दिवसातून चारदा शिडी चढतात. माझा गुडघा दुखरा, मी वर जातच नाही.

यांचा मुंबईहून फोन. "नंदा, तू कशाला पडतेस त्यात? अख्खी वाडी गप्प आहे ना?" पोर धापा टाकते तेव्हा हे घाटकोपरला! ठेवून दिला फोन.

२९ एप्रिल
एकसष्ट!!

आठ दिवस मोजलं आणि सरासरी एकसष्ट. मला तर वाटलं होतं दोनशे, अडीचशे. ग्रामपंचायतीत कागद वाचताना सरपंच भागोजी चक्क हसले. "बाई, हवा तर चांगली निघाली की!" तळपायाची आग मस्तकात गेली. तिथेच उभं राहून ओरडले — कागद बदललाय! यंत्राला हात लावणारा एकच माणूस, विनीत. घरी येऊन तक्रार लिहिली. त्रेचाळीस सह्या झाल्या. शेजारच्या केरूमामांनी अंगठा दिला.

३ मे
विनीतचा फोन. "बाई, आकडा मलाही पटत नाही हो. पुन्हा मोजा, असं मीच वर लिहून दिलंय." म्हटलं, कुणाचं मीठ खाता ते सांगा आधी! कापला फोन. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

५ मे
विनीतला काढलं म्हणे कामावरून. झालं ते चांगलं झालं. श्रुतीला राजापूरला डॉक्टरकडे नेलं, त्यांनी पंप वाढवला. एसटीत माझ्या मांडीवर झोपली होती. छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता.

खाणीच्या वाढीची जनसुनावणी नऊ तारखेला. तिथे सोडणार नाही कुणाला.

८ मे
उद्याचं भाषण पडवीत मोठ्याने म्हणत होते. "लॅबच्या माणसाने कागद बदलला!" सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "तो कशाला बदलील गो? साधा माणूस. एवढा महागाचा यंत्र धुळीत कसा ठेवायचा? मी पिळलेला लुगडा घालत व्हते ना त्याच्यावर. सोलांवर घालते तसा. सकाळी तो यायच्या आधी काढून ठेवायचे."

"आई! हात लावू नका म्हणाला होता ना?"

"हात कुठं लावला? लुगडा लावला!"

अजून धुतलं नाही म्हणाल्या, सोलांचं काम संपलं की धुणार होत्या. आणून दाखवलं. पांढरं लुगडं, मधोमध खोक्याएवढा चौकोन लालभडक.

भाषण फाडलं. विनीतला तीनदा फोन लावला, उचलत नाही. उद्या माइकवर आधी त्याचं नाव घ्यायचं, माझं चुकलं म्हणायचं. मग लुगडं उलगडायचं.