गरम असताना दाबायचं नाही

३ नोव्हेंबर

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

आधी कामाचं. तुमच्या तेलविहिरीच्या तोंडाला तेल-वायू अडवायला ज्या काळ्या रबरी कड्या बसवल्यात, त्या माझ्याच सहीने पास झाल्यात. आमच्या चाचणीघरात रबर आधी भट्टीत तापवतात, मग गार करून दाबयंत्रात घालतात. गरम असताना दाबायचं नाही, ही बाबांच्या वेळची शिस्त. यंत्र खराब होतं म्हणून. बाबा निवृत्त झाले तरी कुणी शंका काढली नाही, मीही नाही. पण तुमच्याकडे उष्णता आणि दाब एकदमच असतात.

परवा मी दोन्ही एकत्र दिले. या कृत्रिम रबरातल्या लांब साखळ्या मोकळ्या असतात, म्हणून ते दबून परत फुगतं. आता त्या एकमेकींना जखडून बसल्या. कडी चेपलेलीच राहिली, वाकवली तर खडूसारखी मोडली.

साहेब म्हणतात, महिनाभर चाचण्या करून कळवू. बाबा नीट जेवत नाहीत. तुमच्याकडे फोन नाही, मंगळवारची गाडी तेवढी. मुकादमाला सांग, आणि हसण्यावारी नेऊ नकोस.

लोभ आहेच, तो उत्तर पाठवून वाढवावा.
तुझी ताई

८ नोव्हेंबर

ती. ताईस कोपरापासून नमस्कार.

गाडी परत निघायच्या आत लिहितोय. चाळिशी आली तरी तू मला स्वेटर घालायला सांगतेस, म्हणून वाटलं तसलंच काही असेल. मग दोनदा वाचलं.

मुकादम भला माणूस, त्याने खरं मानलं. पण कड्या बदलायला आधी विहिरीचा दाब उतरवावा लागतो, आणि त्याची यंत्रं यायला सहा आठवडे. तोवर तोंडापाशी पहारा. कडी फुटण्याआधी फुसफुसेल, ते ऐकून बाकीच्यांना पळवायचं. कड्यांतलं तुझ्या भावालाच कळतं, म्हणून मलाच बसवलंय. तुझ्या पत्राने बढती झाली म्हण. बाबांना जेवायला सांग.

माया आहे तेवढीच राहू द्यावी.
तुझा ठोंब्या

१७ नोव्हेंबर

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

तुझं पत्र टपालात अडकून परवा, गाडी निघून गेल्यावर मिळालं. काल बाबा स्वतः चाचणीघरात आले. आम्ही दोघांनी चार कड्या गरम असतानाच दाबल्या. एकही फुसफुसली नाही. चारही एकदम तडकल्या. बाबा खुर्चीत बसले ते उठेनात.

गाडीवाल्याला विचारलं, आज निघशील का. मंगळवारशिवाय रस्ता उघडत नाही म्हणाला. आज गुरुवार. पाकीट चिकटवलं, पुन्हा फाडलं, काय वाढवावं सुचत नाही. मी लिहिलं नसतं तर तुला तिथे कुणी बसवलं नसतं.

लोभाचं नंतर. आधी तिथून ऊठ.
ताई