दंडातल्या कांड्या

१२ नोव्हेंबर १९७७
केनवडला एसटीतून उतरले आणि पुढे सरपंचांच्या बैलगाडीनं गावात आले. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. गाडीवानाच्या तोंडात तंबाखू, डोक्यात काहीच नाही. तरी मी खूश आहे. पुण्याच्या वॉर्डात मेट्रनची बोलणी खात बसण्यापेक्षा हे बरं. इथं मीच मेट्रन आणि मीच डॉक्टर. सरपंच मारोतरावांनी घरातली स्वच्छ खोली दिली. त्यांची सून रंगूबाई हसतमुख आहे, तिनं गरम पाणी आणि ठेचा-भाकरी दिली. मागच्या अंगणात एक कुडाची खोपी दिसली. ती ‘बाहेर बसायची’ खोपी, असं सरपंचांची बायको केशरबाई म्हणाली. पाळी आली की बाईनं तिथं राहायचं, घरातल्या कशाला शिवायचं नाही, आणि माझ्यासाठीही हाच नियम. मी तोंडावर हसले. माणूस चंद्रावर जाऊन आला, ह्यांचा विटाळ अजून अंगणात बसलाय.

२० नोव्हेंबर
काम झकास सुरू झालं. आमच्या संस्थेच्या नव्या कांड्या काडेपेटीतल्या काडीएवढ्या, मऊ, आत औषध भरलेलं. दंड बधिर करायचा, जाड सुईनं सहा कांड्या कातडीखाली सरकवायच्या, पाच वर्षं मूल नाही. गेल्या वर्षीच्या नसबंदीच्या धरपकडीनं इथले पुरुष इतके भ्यालेत की जीप दिसली की तुरीत लपतात. पण बायकोच्या दंडावर निभावतंय म्हटल्यावर सगळे शूरवीर हजर! पहिली रंगूबाई. चार लेकरं झाली, पाचवं नको म्हणून सासूच्या पाया पडून आली. मग बौद्ध वस्तीतली भागिरथा. ती शेतमजुरी करते, तिनं कुणाला विचारलंही नाही. "दुखलं तं सांगीन," म्हणाली आणि दंड पुढे केला. तिच्यामागं रांगच लागली.

१४ डिसेंबर
रंगूबाई खोपीत गेली ती परत आलीच नाही. रोज थोडं थोडं अंगावरून जातंय, आणि जातंय तोवर घरात पाऊल टाकायचं नाही. आणखी तीन-चार घरांत हीच गत. चुलीपाशी बाप्ये बसलेत. केशरबाई दोन दिवस परगावी, म्हणून मारोतरावांनी थापलेली भाकरी पाहिली, भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा बरा. पोट दुखेपर्यंत हसले. रंगूबाईनं दुरूनच विचारलं, "बाई, हे काहून थांबून नाही राह्यलं?" सुरुवातीला असं होतं, म्हटलं. आम्हाला प्रशिक्षणात तेवढंच सांगितलं होतं.

२ जानेवारी १९७८
नर्सबाईनं दंडात विटाळ भरला, अशी आवई उठली आहे. अडाण्यापुढे गीता वाचून उपयोग नाही, करूनच दाखवावं लागतं. चावडीसमोर खुर्ची टाकली, एका बाईला हात धरायला लावला आणि माझ्याच डाव्या दंडात सहाही सरकवल्या. सगळ्यांची तोंडं उघडीच राहिली. आता बोला म्हणावं!

२८ जानेवारी
मलाही सुरू झालंय. थांबत नाही. शिवाय डोकं ठणकतं, वाकलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. कुणाला बोलले नव्हते, पण केशरबाईनं वाळत घातलेली फडकी पाहिली. भांडली नाही. माझी वळकटी आणि ट्रंक गड्याकरवी खोपीत नेऊन ठेवली. "नेम तं नेम हाय, बाई." ह्या बाईचा इतका राग आला की रडले.

६ फेब्रुवारी
संस्थेचे साहेब जीपनं आले. खोपीपर्यंत आले नाहीत, बूट भरतात. कांड्या काढा म्हटलं, माझ्या आणि सगळ्यांच्याच. म्हणाले, सवय होईल. आता काढल्या तर पाच वर्षांचे आकडे बिघडतात. मग मला शिकवा, मी काढते, म्हटलं. त्यावर हसले. घालणारीला काढायला शिकवलं तर एक तरी आत राहील का, म्हणाले. चहा प्यायले आणि गेले. मेलं गाढव. नाही, गाढव ओझं तरी वाहतं.

१५ फेब्रुवारी
भागिरथाच्या वस्तीनं हे विटाळाचं खूळ कधीच टाकलंय. म्हणून अंगावरून जात असतानाही ती कापूस वेचत राहिली, आणि काल वेचता वेचता पडली. इकडे रंगूबाईच्या हिरड्या पांढऱ्या, नखं पांढरी, बसल्या जागी धाप. तिला दवाखान्यात न्यायला गाडी मागितली. मारोतराव म्हणतात, विटाळशी गाडीत कशी बसवावी, आधी मोकळी होऊ द्या. मोकळी!

१९ फेब्रुवारी
रंगूबाई गेली. माझ्या शेजारी.
केशरबाईनं ताट दारातून सरकवलं, ती उठली नाही. मी ओरडले. सगळे अंगणात उभे, शिवायला कुणी येईना. मीच पुसलं, मीच लुगडं नेसवलं. दंड उचलला तर बोटांना कांड्या लागल्या. जागच्या जागी.
मला भीती वाटते.

२१ फेब्रुवारी
उजव्या डोळ्यानं दिसत नाही. डावा धूसर. ओळीवर ओळ चढते —
आता कुणासाठी थांबायचं नाही, माझ्या मीच काढायच्या. ब्लेड, आयोडीन. दातात पदर. चार निघाल्या. दोन नाहीत — खाली सरकल्यात — बोटाखाली येतात, निसटतात — घालताना कसं सोपं —

२२ फेब्रुवारी
बायांना कळलं. माझ्या मी काढल्या म्हणे. सकाळपासून खोपीपुढे बसल्यात. बाह्या वर केलेल्या.
दिसत नाही म्हणून सांगितलं. नस कापली जाईल — सांगितलं. कुणी हलत नाही. एकच म्हणणं. तुमीच घातल्या, तुमीच काढा.
लिहितेय तोवर थांबतील. त्यांना वाटतं, तयारी चाललीय. मूर्ख —
भागिरथा आत आली. मांडीवर काहीतरी थंड. तिचा दंड. ब्लेड तिनंच उचललंय. रागावलेली नाही — रागावली असती तर —
म्हणते, लिवनं लय झालं, बाई, पेन द्या इकडं, अन् हे धरा, मी हालत नाही, तुमी फकत —