अर्ध्या नंबराची हरकत

१३ ऑक्टोबर, सोमवार

हरकत आली! तीही थेट माझ्या कामावर. लातूरच्या शंकरप्पांनी तीन पानं लिहून पाठवलीत. शाळेच्या पोरांसाठी अकरा हजार सरकारी चष्मे, टेंडर तिघांनी भरलं, नमुन्याची भिंगं तपासायचं काम माझं. दोघं पास, शंकरप्पा नापास. प्रत्येक भिंगात अर्ध्या नंबराचा फरक — मी स्वतः यंत्रावर मोजलाय, बारा भिंगं, दोन-दोन वेळा. आणि हे गृहस्थ लिहितात, "तपासणी हेतुपुरस्सर चुकीची." हेतुपुरस्सर! म्हणजे मी खाल्ले, असंच ना?

सोळा वर्षं झाली नांदेडच्या रुग्णालयात, नेत्रविभागात नोकरी करून राहिले. कुणाच्या चहाची मिंधी नाही. डबा तसाच परत आणला आज.

१४ ऑक्टोबर

साहेबांनी सुनावणी ठेवली. मला वाटलं, शंकरप्पा कुणी तालेवार गडी असेल. निघाले पासष्टीचे, भिंगं घासून घासून बोटांना घट्टे. आवाज चढवला नाही, त्याचाच मला जास्त राग आला.

"ताई, चाळीस वर्षं झाली भिंग घासायलोय. नऊ माणसं हायत माझ्याकडं. एक चुकंल, दोन चुकतील. बाराच्या बारा, अन् समदी बरोबर अर्ध्यानं? एवढं सारखं चुकायला बी कसब लागतं की वो!"

मी ताडकन म्हणाले, "मग काय यंत्र चुकलं?"

"मी काय म्हणू? तुमीच बघा."

नंतर साहेब हळूच, "धम्मप्रियाबाई, यंत्र नीट लावून तपासणी केली, एवढी एक ओळ लिहून द्या. हरकत फेटाळतो. दिवाळीआधी विषय संपवू." देते म्हणाले. का नाही देणार!

बाराच्या बारा — हे मात्र डोक्यातून जाईना.

१५ ऑक्टोबर

ती ओळ लिहायला बसले आणि उठले. तपासणीच्या पेटीतलं दोन नंबरचं भिंग घेतलं, कंपनीनंच नंबर कोरलेलं. यंत्रावर ठेवलं. अडीच! परत ठेवलं. अडीच. तीनचं ठेवलं — साडेतीन.

डोळा लावायची नळी भलतीकडंच फिरलेली. मोजणाऱ्यानं ती आधी आपल्या नजरेला लावून घ्यायची, मगच मोजायचं. पहिल्या दिवशीचा धडा! पण माझ्या खोलीत माझ्याशिवाय कुणी यंत्राला हात लावत नाही, म्हणून ते बघायचं मी कधीचंच सोडून दिलं होतं.

भागवतमामांना विचारलं. आमचे शिपाई, येत्या मार्चमध्ये रिटायर होणार. "हाव की! खंडेनवमीला पुसलं. दरसाली नुस्ता हार घालतो, औंदा शेवटचं साल म्हणून नळी फिरवून फिरवून चकचकीत केली. हळदकुंकू वाहिलं. तुमी न्हवत्या." नव्हतेच मी. विहारात होते, दुसऱ्या दिवशीच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या तयारीला. पास झालेल्या त्या दोघांची भिंगं मी सुट्टीच्या आदल्या दिवशी मोजली. शंकरप्पांची परतल्यावर, तीन तारखेला.

किती कौतुकानं सांगत होते मामा! मी नळी नीट लावली, पेटीतली सगळी भिंगं बरोबर आली.

१७ ऑक्टोबर

साहेबांचा फोन दोनदा. "ती ओळ?" — "देते."

नवरा म्हणतो, "भागवतनं नळी हलवली, असं लिही. खरंच तर आहे." आनंदराजला सगळं सोपं दिसतं! पुसणारा पुसणारच. मोजण्याआधी बघायचं काम माझं. वर पूजेकडं बोट दाखवलं, की अर्धं रुग्णालय म्हणणार, ह्या बाईला आमच्या खंडेनवमीचंच वावडं. मामांची पेन्शन तोंडावर आलेली. नाही, नाहीच. पण मग मी काय करू? लेकरांवर उगाच खेकसले. भाजी करपली.

१८ ऑक्टोबर

शंकरप्पांचा फोन! "ताई, हरकत मागं घेतो. लातूर-नांदेड चकरा झेपंनात आता. अन् ते हेतुपुरस्सर का काय, वकिलानं घातलं. लेकीच्या वयाच्या बाईवर असं लिवायला नको होतं."

सुटले! हेच मनात आलं, खोटं कशाला लिहू. आणि फोन ठेवता ठेवता तोंडातून निघून गेलं, "मागं घेऊ नका." त्यांना कळेना, मलाही कळेना.

२४ ऑक्टोबर

दिवाळी कशी गेली ते माझं मला ठाऊक. आज साहेबांच्या टेबलावर दीड पान ठेवलं. यंत्र नीट न लावता मोजलं, चूक माझी. मामांचं नाव कुठंच नाही. साहेब लालबुंद. "ही कसली अवदसा आठवली तुम्हाला!"

२८ ऑक्टोबर

तिघांच्या समोर फेरतपासणी. आधी नळी लावली, पेटीतलं भिंग मोजून सगळ्यांना दाखवलं, मग नमुने. शंकरप्पांची बाराच्या बारा बरोबर! दर त्यांचाच कमी, काम त्यांना. मला कारणे दाखवा नोटीस. येऊ दे. जाताना त्यांनी हात जोडले, मीही जोडले.

घरी येऊन दोन भाकरी अन् ठेचा हाणला. काय हलकं वाटतंय! नाव राहिलं माझं.

३० ऑक्टोबर

मुखेडहून एक माय आली, लेकीला घेऊन. "नव्या चष्म्यानं पोरीचं डोस्कं दुखायलंय, बाई." चष्मा मोजला. अर्धा नंबर जास्त.

रजिस्टर उघडलं. मुखेडच्या शाळांतले चरे पडलेले जुने चष्मे, नंबर मोजून तसेच नवे करायला दिलेले. तीन ते चौदा ऑक्टोबर. सगळे मीच मोजले, ह्याच यंत्रावर. पंधरा दिवस नुसता माझ्या नावाचा घोर करत बसले, आणि हे एकदाही डोक्यात आलं नाही!

सदतीस पोरं. एकानंही हरकत घेतलेली नाही.