पोकळी खाली होती

सोमवार, ३ मार्च
बाबांच्या मेंदूच्या स्कॅनची फिल्म खिडकीच्या काचेला धरली. दादा मागे उभा. "तू रोज हेच कापतेस, हेच शिकवतेस. तूच सांग." मेंदूचे मोठे डॉक्टर बाहेरगावी. मेंदूच्या देठाचा आडवा काप — पक्षाघाताचा डाग वरच्या अर्ध्यात. वर म्हणजे पाठीकडचा भाग. माणसाला जागं ठेवणारं सगळं तिथंच.
म्हटलं, बाबा आता आत नाहीत.
वॉर्डातल्या डॉक्टरने होकारार्थी मान हलवली. तो माझाच विद्यार्थी.

मंगळवार
बाबांची छाती यंत्राबरोबर वर-खाली. डोळे अर्धे उघडे. हात दाबा म्हटलं — काही नाही.
आई म्हणाली, "ऐकू येतं का गं त्यांना?"
"नाही."
मग खाटेजवळच बोलणं झालं. दादा म्हणाला, "जन्मभर कुणाला तोंड उघडू दिलं नाही. आता ऐका म्हणावं." वहिनीने डोळे वटारले, पण तीही हसली. आई चादर सारखी करत होती. "खरं सांगू? हे आडवे झाल्यापासून मला शांत झोप लागते."
यंत्र गुरुवारी काढायचं ठरलं. सही दादा करणार.

बुधवार
पहिल्या वर्षाला गर्भातला मेंदूचा देठ शिकवला. फळ्यावर नळी काढली. "इथं ती पाठीकडून उघडते. भिंती दोन्हीकडे कलतात, उघड्या पुस्तकासारख्या. ही पोकळी जन्मभर पाठीकडेच राहते."
फिल्मवर पोकळी खाली होती.
आम्ही काप मांडतो ते पाठ वर करून. फिल्मवर माणूस उताणा असतो, पाठ खाली. हे मला माहीत आहे. तरी खिडकीशी उभी राहून मी माझ्या टेबलावरचाच काप पाहिला.
डाग पुढच्या बाजूला आहे. तिथून हुकूम खाली जातात — हातपायांना, जिभेला, चेहऱ्याला. जागेपण मागे. शाबूत. अशा माणसाला हात दाबायला सांगून उपयोग नाही. तो फक्त डोळे वर-खाली करू शकतो.
दादाला फोन केला. सही करू नकोस.
तो म्हणाला, "म्हणजे काल आपण —"
भेटायची वेळ संपली होती.

गुरुवार
सकाळी चौघं गेलो. मी त्यांच्या अगदी समोर उभी राहिले — डोळे बाजूला वळत नाहीत.
"बाबा, ऐकू येत असेल तर वर बघा."
वर बघितलं.
आईने मला बाजूला सारलं. "परवा मी बोलले, ते?"
पुन्हा वर.