पहिला बॉल सोड

८ जाने., गुरु.
फर्स्ट शिफ्ट सुटली की थेट बेटेगावचं मैदान. अर्ध्यात कॉलेज सोडलं म्हणून खेळाचे सर कॉलेजच्या मैदानात पाय ठेवू देत नाहीत. ठेवायचाय कुणाला.
रसिका मला शिकवायला मुरब्याहून एसटीने आली, बॅट पाठीला. ती कॉलेजच्या बेसबॉल टीममध्ये. रविवारी पालघरला जिल्ह्याची निवड, मुलं-मुली दोन्ही, कॉलेजची अट नाही. निवड झाली तर दोन्ही संघ एकाच बसने राज्य स्पर्धेला. त्या बसमध्ये तिला विचारणार. ठरलं.
म्हणाली, "यायचं तर ये. माझ्यासाठी येऊ नको."
मग कुणासाठी, सरांसाठी?

९ जाने., शुक्र.
टेनिस क्रिकेटमध्ये मनोरपर्यंत माझं नाव. इथे शून्य. बॉल टप्पा घेत नाही, बॅट गोल. पाय टाकून तुटून पडलो की बॉल वरून जातो नाहीतर खालून. र. सांगते, वजन मागच्या पायावर ठेव, जवळ येऊ दे, आधी कंबर फिरव, हात आपोआप येतात. आज कंपनीत पाइप घेऊन कंबर फिरवत होतो तर ऑपरेटर म्हणे, "हीरो, मशीन देख."
संध्याकाळी तिने मारूच दिलं नाही. ती टाकणार, मी नुसतं सांगायचं, मारण्यासारखा की सोडण्यासारखा. दर बॉलला हात सुटले.
"तुला सगळेच आपले वाटतात काय रे? पहिला बॉल सोड. कसा पण असू दे, सोड. बघून घे."
बॉल बोटांतून सुटतो तिथे बघायचं म्हणे. बघितलं. तिची बोटंच बघत राहिलो. तिला कळलं. "बॉल बघ," एवढंच.
मग कुणाल बाइकवर. कॉलेजच्या मुलांच्या टीमचा फर्स्ट बेसवाला, मारून पळणारा आधी त्याच्याकडेच पोचतो. तिला मुरब्याला सोडतो म्हणे, आता एसटी नाही. होती एसटी.

११ जाने., रवि.
तिचीच बॅट घेऊन उतरलो. पहिला बॉल सोडला. मधोमध होता, सोडला. निवडीला बसलेल्या आमच्या सरांनी कागदावरून मान वर केली.
दुसरा येऊ दिला. येऊ दिला. कंबर, मग हात. काय आवाज आला! थर्ड बेसवाल्याच्या हातातून निसटला तो बॉल. मी सुसाट. फर्स्ट बेसजवळ पोचलो आणि अंग ताणून बॅट टेकवली, क्रीजला टेकवतात तशी. तिथेच थांबलो. ती बघतेय का ते बघत.
या खेळात बॅट मारल्या जागी टाकायची आणि बेसला पाय लावायचा. माहीत होतं. सगळं माहीत होतं. पाय हातभर मागे, बॉल आरामात कुणालच्या हातात. आउट. वर तोच म्हणतो,
"क्रीजमध्ये पोचलास ना भावा?"
सगळे हसले. र. पण. तिचंच ऐकू आलं.
बॅट फेकली. कुंपणाच्या दगडावर.

१२ जाने.
अ‍ॅल्युमिनियमच्या बॅटला पोचा. असली बॅट मॅचमध्ये चालत नाही. आई म्हणाली, "दुसऱ्याची वस्तू हाय ती. जा, देऊन ये. तोंड हाय ना तुला?"
नाही गेलो.

१४ जाने., संक्रांत
यादी लागली. र. आहे, कुणाल आहे.
मुरब्याला गेलो. ओट्यावर बसलेली. तिळगूळ नाही, 'ये' म्हणणं नाही. पोच्यावरून बोट फिरवत राहिली.
"मी का हसले माहीत हाय? पहिल्या वर्षी मी पण बॅट घेऊनच पळालेली. हसलेच की सगळे. मी नाय फेकली."
नवी घेऊन देतो म्हटलं. नको म्हणाली. "ही ठेव तुझ्याकडंच."
तिथे गप्प बसायचं होतं. पण विचारलं, बसमध्ये कुणाशेजारी बसणार?
उठून आत गेली.

२२ जाने., गुरु.
सकाळी बस गेली. बोईसर नाक्यावर उभा होतो, खिडक्या काळ्या, काही दिसलं नाही.
संध्याकाळी बेटेगाव. पाइपवर बॉल ठेवायचा, मारायचा, बॅट टाकायची, पळायचं. परत जाऊन बॉल आपणच आणायचा. पोच्यामुळे आवाज फुटका येतो.
अंधार पडताना तिचा मेसेज. "मैदानात हायस?"
एवढाच. बॅट पाहिजे? टोमणा? की शेजारी कुणी...
लिहिलं, 'हो, तुझ्याचसाठी.' पुसलं. परत तेच लिहिलं. बोट बटणावर.
नाही पाठवलं अजून. पहिला सोडायचा ना.